बोटीवरचे देव

मिल्टन कीन्स, ३ जून २०२५

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतो आणि मग सिग्नल जातो, म्हणून बेटावरच्या हार्बर ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय. काल आईचे देव आणायला कार्डिफला गेले, तर देव्हारा रिकामी. बाळकृष्ण नाही, अन्नपूर्णा नाही. मला वाटलं चोरी झाली. शेजारच्या मधुमतीकाकू म्हणाल्या, माधवराव देव घेऊनच सेलिंगला गेलेत.

बाबा, असं कोण करतं? पंधरा तारखेला, रविवारी, माझ्या नव्या घराची वास्तुशांत आहे. आई गेल्यापासून मी एकच गोष्ट मागितली, की तिचे देव माझ्याकडे बसावेत. आणि तुम्ही स्कॉटलंडमध्ये दगडाच्या खाणी बघत फिरताय. मी अगदी फेड अप झालेय.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही पोचले असं समजते.

तुमची देविका

बोटीवरून, ६ जून

चि. देविकास, अनेक आशीर्वाद.

देव्हारा रिकामा, रिकामी नव्हे. सुप्रभा गेल्यापासून मी देवांना एक दिवस पारोसं ठेवलं नाही, मग दोन आठवडे कुलपात कसं ठेवू? ते शॉर्टब्रेडच्या डब्यात आहेत आणि रोज आंघोळ होते. बोटीचा मालक विनय म्हणतो, एवढी काळजी तू पेशंटांची घेतली नाहीस.

बाकी नुसता वैताग. तीन बंदरं झाली. कुठेही बोट बांधली की मासेमारीची बोट येते आणि आम्हाला हलवतात. त्यांचं पोट आहे, मान्य, पण चौथ्यांदा दोर सोडताना माझी कंबर धरली. संगमरवराची एक खाण बंद, तिला कुंपण. दुसरीतला माणूस म्हणे, लॉरीभर घ्या, हातभर देत नाही. शेवटी कंटाळून त्याने एक तुकडा दिला. त्यावर चंदन घासलं तर खोड नुसतं घसरतं, गंध म्हणून उतरत नाही.

आता खरं सांगतो. तुझ्या आईची सहाण मी फोडली. एप्रिलमध्ये धुताना सिंकमध्ये पडली, दोन तुकडे झाले. चाळीस वर्षं तिने त्या दगडावर गंध उगाळलं आणि मला तो तीन वर्षं सांभाळता आला नाही. तसाच दगड मिळेल म्हणून या खाणी. कुठल्या तोंडाने येऊ? विनय पुढच्या शुक्रवारी ट्रेनने परततोय, देव त्याच्याबरोबर पाठवतो. मी बोटीवरच थांबेन.

रागाने का होईना, आठवण काढत जा.

तुझा बाबा

कार्डिफ, ९ जून

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच गाडी काढून इकडे आले. तुकडे सिंकखालच्या कपाटात मिळाले, आईच्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेले. खूप रडले, मग तुमचा खूप राग आला. दोन महिने एकट्याने हे घेऊन बसलात, मला एक शब्द नाही.

मोठ्या तुकड्यावर चंदन उगाळून बघितलं. येतं, बाबा. जरा तिरकं धरावं लागतं, एवढंच.

विनयकाकांकडे देव द्यायचे नाहीत. त्यांच्याच ट्रेनने तुम्ही या, डबा मांडीवर घेऊन. मला देवांची आंघोळ येत नाही. तुम्हालाही येत नव्हती, आई गेल्यावर शिकलात. गुरुजी रविवारी नऊला येतील, त्याआधी गंध तुम्ही उगाळायचं.

तुकडा घरी नेतेय. धुतलेला नाही. धुवायचा तुम्हीच, पण या वेळी बादलीत.

वाट बघणारी,
देविका