साण नागप्पाला नाही

मी विरूपाक्ष शंकरप्पा कोरे, वय सव्वीस, धंदा जुने वस्तरे घासून नवे करणे, राहणार चाकूर, जिल्हा लातूर (जिल्हा नवा आहे, वाचणाऱ्याने उस्मानाबाद समजू नये), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. उद्या नांदेडला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात, पण कागदावर सही घेतात.

१. घरातील माझा अर्धा हिस्सा पत्नी सिंधु हिला. आई गौरम्मा असेपर्यंत पुढची खोली आईची. तिथे कोणी कडबा रचू नये.

२. वडिलांकडून मला मिळालेली साण, म्हणजे लाकडी घोडीवर बसवलेले धार लावायचे दगडी चाक, थोरला भाऊ नागप्पा याला मिळू नये. कारण लिहितानाही किळस येते.

वस्तऱ्याची पाठ उघड्या अंगठ्याने धरून पाते चाकावर घासायचे, अंगठा पोळला की पाते पाण्यात, हा वडिलांचा नियम. दुष्काळ पडल्यापासून नागप्पा अंगठ्याला चिंधी बांधून कोरडेच घासतो. पाते निळे पडते, पोलादाचा जीव जातो. मग निळेपणा पॉलिशने घालवून तो वस्तरा न्हाव्याच्या हाती देतो. मला सुनावतो, "हितं प्यायला पानी न्हाई, अन् तुझ्या वस्तऱ्याला आंघोळ. लई शाना हायस." भांड्यांचे खरकटे पाणीही चालते, हे त्याला माहीत आहे. स्वतःची मोटारसायकल मात्र दर सोमवारी धुतो. खरकटे पाणीही तो मिळू देईना, शेवटी मी लांबच्या विहिरीवरून घागरी वाहिल्या, त्यातून हे दुखणे आले.

रेणापूरचे रामकिशन न्हावी यांनी तसला वस्तरा एका नवरदेवाच्या गालाला लावला. धार दुमडली, भर मांडवात रक्त. ते वस्तरा आमच्यापुढे टाकून म्हणाले, "तुमच्या बापाच्या नावावर नेला होता म्या." नागप्पा हसला. "नवरदेवालाच पुटकुळ्या असतील." त्या दिवशी मी त्याच्या पंगतीला बसलो नाही.

३. सबब साण, चामडी पट्टा व सर्व वस्तरे माझ्या पश्चात सिंधुला. चाक तीच फिरवते. नुसत्या आवाजावरून तिला आधी कळते, "थांबा, तापलं." नागप्पाने मध्ये पडू नये. आपली चिंधी घेऊन जावी.

हे वाचून दाखवल्यावर सिंधुने विचारले, "अन् तुमी धडधाकट वापस आलाव तर? मंग साण तुमचीच की."

तिचे खरे आहे. म्हणून कलम तीनमधील "माझ्या पश्चात" हे शब्द रद्द समजावेत. साण आजपासून सिंधुची. मी परतलो तर घासायला ती बसेल, चाक मी फिरवीन.

(सही) विरूपाक्ष शंकरप्पा कोरे

समक्ष साक्षीदार:
रामकिशन न्हावी, रेणापूर (सही)
रेवणसिद्ध किराणावाले, चाकूर (सही)

नागप्पा यांना वाचून दाखवले. ते उठून गेले.

चाकूर, १९ मे १९८३