मनगटाखालचा रंग

२ फेब्रुवारी, सोमवार

परत दिला! लॅपटॉप चालू, चार्जर सोबत, पिशवी सोबत, माऊससुद्धा सोबत – आणि तरी परत दिला. का? तर रंग उडालाय!

दिलाय परत भिंगबाईंनी. कंपनीच्या स्टोअरच्या प्रमुख. नाव मीच ठेवलंय, कारण गळ्यात चष्म्याशेजारी खरोखरचं भिंग लटकत असतं. सहा वर्षांत त्यांच्याशी माझं बोलणं झालं असेल चार-पाच वेळा, तेही "इथे सही करा" एवढंच. आज मात्र अर्धा तास. लॅपटॉप खिडकीपाशी नेला, तिरका धरला, सरळ धरला, भिंग लावलं. एखादं रत्न तपासावं तसं!

कीबोर्डच्या खाली, मनगटं टेकतात तिथे दोन पांढुरके पट्टे पडलेत. डावा मोठा – घड्याळाच्या पट्ट्यामुळे. पुढच्या कडेचा टवकाही उडालाय. मला तर हे आजच दिसलं. रोज त्यावर माझेच हात असायचे, दिसणार कसं?

"हे असं जमा करून घेता येत नाही," म्हणाल्या. "बाह्य स्थितीच्या रकान्यात मी काय लिहू?"

लिहा की काहीही! आमचा अख्खा विभाग बंद केलात, पंपांची माहितीपुस्तकं लिहिणारी आम्ही नऊ माणसं एका दुपारी नकोशी झालो, आणि आता तुम्हाला रंग हवा?

असं म्हणाले नाही. "बरं," म्हणाले. नेहमीसारखी.

गोची अशी, की स्टोअरचा शिक्का नाही तर कार्यमुक्तीचं पत्र नाही. आणि पत्र नाही तर सोळा तारखेला नव्या ठिकाणी रुजू होता येत नाही. नव्या कंपनीने स्पष्ट सांगितलंय – शुक्रवारपर्यंत, तेरा तारखेपर्यंत, पत्र पाठवा. पन्नाशीच्या बाईला दुसरी नोकरी मिळालीय, ती काय रोज उठून मिळते?

३ फेब्रुवारी, मंगळवार

कॉम्प्युटर विभागाला फोन केला. "मॅडम, आतलं आमच्याकडे, बाहेरचं स्टोअरकडे." वा! माणसाला डॉक्टर वेगळा आणि शिंपी वेगळा, तसंच झालं हे.

४ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला दाखवलं. तिने एक नजर टाकली आणि कपाटातून राखाडी नेलपॉलिश काढलं. "आई, सेम टू सेम रंग आहे."

सेम टू सेम! बाटलीत होता खरा. लावल्यावर निळसर झाला, वाळल्यावर त्यात बुडबुडे आले. आता पट्टे पांढुरके नाहीत, देवीचे व्रण असल्यासारखे दिसतायत.

लेक म्हणते, "मग वर मांजराचा स्टिकर लावू." मी फक्त बघितलं तिच्याकडे. गेली आपल्या खोलीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायला हात धजत नाही.

नवरा कवळ्या बनवतो. दिवसभर दात घासून, चकचकीत करून, हिरड्यांचा रंग जुळवून देतो. त्यामुळे रंग, पॉलिश, घासकाम या विषयांत आपल्याला ब्रह्मज्ञान झालंय असा त्याचा ठाम समज आहे. संध्याकाळी येताना कामावरच्या कसल्याशा द्रावणाची छोटी बाटली घेऊन आला. "नेलपॉलिश काढून देतो. दोन मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "आधी कोपऱ्यात लावून बघ."

"अगं, माणसांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तू करतो मी!"

कापसाचा बोळा फिरवला. नेलपॉलिश निघालं. त्याच्याखालचा रंगही निघाला. मग कडेचाही विरघळायला लागला, तर हा गडबडून जास्तच जोरात पुसायला लागला! दोन पट्टे होते, आता सलग एक पांढरं मैदान आहे. मध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा.

"एकसारखं तरी झालं," म्हणाला.

सासूबाई हसत सुटल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, पण वेगळ्या कारणाने.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवऱ्याशी बोलत नाहीये. भाजीत मीठ जास्त पडलं. मुकाट खाल्लं त्याने.

७ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेले. तिथे एक वयस्कर पेंटर आहेत, गाड्यांचे ओरखडे मिटवतात. लॅपटॉप बघून आधी वाटलं, हाकलून देतील. पण त्यांनी हात पुसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पांढऱ्या भागावरून बोट फिरवलं.

"कुणी केलं हे?"

"घरातल्याच माणसाने."

"मग राहू द्या," म्हणाले, आणि पुढे एक शब्द विचारला नाही. समंजस माणूस!

तीन तास बसले तिथे, टायरांच्या ढिगाशेजारी स्टुलावर. त्यांनी बारीक पॉलिशपेपरने घासलं, कीबोर्डवर चिकटपट्टी लावली, पट्टीच्या कडा तर ब्लेडने कापून काढल्या. रंग चार डब्यांतून थोडा-थोडा घेऊन कालवला. आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघितला. मान हलवली, पुन्हा कालवला. माझ्या नवऱ्याने हे बघायला हवं होतं.

झाल्यावर म्हणाले, "दोन दिवस हात टेकवू नका." आता कशाला टेकवतेय? त्यावर करायला काम कुठे उरलंय.

पण सुरेख झालाय हं. अगदी गुळगुळीत. खोटं कशाला बोलू, परत द्यायचं जिवावर आलं.

नवऱ्याला दाखवला. "माझ्यापेक्षा चांगलं केलंय," म्हणाला. बोलायला लागले त्याच्याशी.

९ फेब्रुवारी, सोमवार

भिंगबाई! काय म्हणाल्या असतील?

"हा मूळ रंग नाही."

परत भिंग लावलं.

"हात ठेवायची जागा अर्ध्या छटेने गडद आहे. परस्पर दुरुस्ती झालीय. त्याचा रकाना वेगळा आहे."

आधी रंग नव्हता म्हणून नको, आता रंग आहे म्हणून नको! मी विचारलं, "मग मी करू तरी काय?" आवाज चढला माझा. स्टोअरमधले दोघं-तिघं वळून बघायला लागले. सहा वर्षांत पहिल्यांदा. भिंगबाईंचा आवाज मात्र होता तसाच. फॉर्म पुढे सरकवला. "नुकसानाचं कारण लिहा. निष्काळजीपणा, अपघात की इतर. घरी नेऊन नीट विचार करून लिहा."

निष्काळजीपणा! उन्हात ठेवला नाही, चहा सांडू दिला नाही, लेकीला त्यावर सिनेमे बघू दिले नाहीत. त्याच मशीनवर एकशे चौदा पुस्तकं लिहिली मी. कुठला पंप कसा बसवायचा, कधी बंद करायचा, कशाला हात लावायचा नाही. लोकांचे हात शाबूत राहावेत म्हणून. आणि मी निष्काळजी?

१० फेब्रुवारी, मंगळवार

फॉर्म टेबलावर पडून आहे. "अपघात" लिहून मोकळी हो, असं नवरा म्हणतो. सहकारी मैत्रिणीने फोनवर सांगितलं, तिने तेच लिहिलं. तिचा लॅपटॉप "पडला" होता. कधीच पडला नव्हता.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या त्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या कानाला हेडफोनने घट्टा पडला होता. तो कान नाही कुणी परत मागितला. नाहीतर काय कारण लिहिलं असतं मी?"

"काय लिहिलं असतंत?"

"आता ते तू शोध बाई. मला शेंगा सोलायच्यात."

११ फेब्रुवारी, बुधवार

लिहिलं. "इतर" वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर एकच शब्द – "काम".

भिंगबाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मला वाटलं, आता फॉर्म फाडणार. मी भांडायच्या तयारीने गेले होते, वाक्यं पाठ करून. एकही लागलं नाही.

"ठेवून जा," एवढंच म्हणाल्या. शिक्का? "वर पाठवावं लागेल." पत्र? "कळवते."

कळवते म्हणे! दोन दिवस उरलेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फोन नाही. मी दोनदा केला, उचलला नाही. मुद्दाम करतायत. अशा माणसांना दुसऱ्याचं अडलेलं बघण्यात काय सुख मिळतं, देव जाणे!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी भिंगबाईंचा फोन. पत्र झालंय, शिक्क्यासकट, येऊन घेऊन जा. काल सही घ्यायला तीन मजले फिरत होत्या, म्हणून फोन उचलला नाही म्हणाल्या.

मी आभार मानले. फोन ठेवणार तेवढ्यात – "तो रंग ज्याने मारून दिला, तो कुठे बसतो हो?"

मला आधी कळलंच नाही. "कशासाठी?"

"मलाही सोमवारी माझा लॅपटॉप जमा करायचाय. इथे बावीस वर्षं झाली. माझ्या टेबलाचंही तेच झालंय, पण ते राहू दे." मग हसल्यासारखं करून म्हणाल्या, "माझा कोण तपासणार, तेवढं कुणी सांगितलेलं नाही."