चौकशीतला राहिलेला प्रश्न

भाऊजी,

त्या सकाळी मी यांचा डबा भरत होते आणि तुम्ही दारात उभे राहून घाई करत होतात. हे म्हणाले, "झडप गळतेय. समुद्रातली ती तेलविहीर बंद करायला सांग." तुम्ही हसलात. "दादा, चालू ठेवा म्हणून साहेबांचा हुकूम आहे." दुपारी विहीर फुटली, संध्याकाळपर्यंत तेल किनाऱ्याला लागलं. हे परत आलेच नाहीत.

आता सरकार चौकशी नेमतंय. तिने काय काय तपासायचं, त्याचा मसुदा मी पेपरात दोनदा वाचला. तेल किती सांडलं, मासे किती मेले, सगळं आहे. विहीर चालू का ठेवली, एवढंच नाही.

परवा तुम्ही म्हणालात, "वहिनी, तेल गेलं समुद्रात, तुम्ही कशाला खोल पाण्यात शिरता? माझी नोकरी जाईल." मी चहा टाकला. भांडायचं त्राण नाही, आणि हसताना तुम्ही अजून यांच्यासारखे दिसता.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला नोटीस येईलच. काल मी चौकशी नेमणाऱ्या सचिवांच्या कार्यालयात गेले, तो प्रश्न चौकशीत घालायला सांगितला आणि साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलं.

तुमची,
वहिनी