एक आकडा अडकला, एक आकडा आठवेना

तीर्थस्वरूप दादांस,

सा. न. वि. वि. (यातला 'वि. वि.' म्हणजे विनंती विशेष, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण तो आपला हाताच्या सवयीने पडला. या पत्रात विनंतीबिनंती काही नाही, नुसती खुशाली.) साष्टांग नमस्कार गुडघ्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, तो पोचल्याचं समजावं. तुमची पाठ काय म्हणते? वहिनींचा खोकला? आणि हो, फार वर्षांपूर्वी जेवताना खडा लागून तुमची एक दाढ तुटली होती, ती जागा अजून दुखते का? ती नेमकी कोणत्या तारखेला तुटली हे तुमच्या रोजनिशीत असेलच. सहज विचारतोय हो. कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर एकतीस वर्षं रोज सकाळी शिक्क्याची तारीख फिरवलेल्या माणसाला तारखांची खोडच लागते, दुसरं काही नाही.

मागच्या पत्रात आपण विचारलंत की, कुलपं किल्लीशिवाय उघडायच्या माझ्या छंदाचा तो खिशातला घडीचा संच तुम्हीही घ्यावा का, त्याचे फायदे-तोटे सविस्तर कळव. सविस्तर म्हणालात, हे लक्षात असू द्या. तर ही वस्तू दिसायला थेट घडीच्या चाकूसारखी. पात्यांच्या जागी पोलादाचे सहा बारीक आकडे, कुणाचं टोक वाकडं, कुणाचं नागमोडी. बरोबर एक वाकडी पट्टी. पट्टीने कुलपाला जरासा पीळ द्यायचा आणि आकड्याने आतल्या खिट्ट्या एकेक करून वर ढकलायच्या. सगळ्या जागेवर बसल्या की कुलूप 'कट्' म्हणतं, आणि दादा, त्या एका 'कट्'साठी माणूस जेवणावरून उठतो! (मी उठलोय. दोनदा. तुमच्या बहिणीला विचारा. किंवा नका विचारू.)

फायदा म्हणाल तर मोठा. आमच्या कुलूपछंदी मंडळातल्या निवृत्त नर्सबाई आपले सुटे आकडे कापडी गुंडाळीत ठेवतात. रविवारी वाचनालयात आम्ही जमलो की पहिला अर्धा तास त्यांचा एक आकडा टेबलाखाली शोधण्यात जातो. माझं तसं नाही. सगळं कुटुंब एका मुठीत, हरवायचं तर एकदमच हरवेल. खिशात ठेवला तर कुणाला नखं कापायचं काहीतरी वाटतं. मूठ जाड, त्यामुळे माझ्यासारख्या थरथरत्या हाताला बरी. तोटे मात्र एकेक करून उजेडात येतात. त्या जाड मुठीतून खिट्टीची हालचाल बोटाला नीट कळत नाही, मोजे घालून ताटातला भात चाचपल्यासारखं होतं. मधला स्क्रू सैल झाला की ऐन वेळी आकडा मिटतो आणि बोट सापडतं. वाकडी पट्टी सुटी असल्यामुळे ती हरवतेच. (माझी पहिली पट्टी वॉशिंग मशीनमध्ये निघाली. मशीनवाल्याने ती मला दाखवली तेव्हा मी ओळख दाखवली नाही.) पण सगळ्यांत मोठा तोटा असा आहे की सहाही आकडे एकाच मुठीला बांधलेले असल्यामुळे एक अडकला की सगळी वरात अडकते. हा तोटा मला कसा कळला ते आता सांगतो. वहिनींना वाचून दाखवत असाल तर इथे थांबलात तरी चालेल.

मंडळाचे नियम दोनच. आपलं नसेल ते कुलूप उघडायचं नाही, आणि वापरात असेल ते कुलूप, मग ते आपलं का असेना, उघडायचं नाही. पहिला नियम मी आजवर मोडलेला नाही, हे कृपया नोंदवून घ्यावं. गेल्या मंगळवारी सकाळी ही कोपऱ्यावर भाजीला गेली आणि जाताना एवढंच म्हणाली, दूध ठेवलंय, लक्ष ठेवा. मी ठेवलं. पण दुधाकडे टक लावून बघितलं की ते तापत नाही असा माझा अनुभव आहे, म्हणून मी नजर जरा दाराकडे वळवली. आमच्या दाराचं लॅच ओढलं की आपोआप लागतं. मनात आलं, ही येईपर्यंत बाहेरून उघडून तर बघू. बाहेर आलो, दार ओढलं, 'कट्' झालं. (हा 'कट्' उलट्या दिशेचा, यात आनंद नसतो.) किल्ली आत, दूध आत, चष्मा आत. बाहेर मी, गंजीफ्रॉक आणि घडीचा संच.

पहिल्या तीन खिट्ट्या लोण्यासारख्या बसल्या. चौथीला स्क्रू सैल झाला, आकडा आतल्या आत तिरका झाला आणि तिथेच रुतून बसला. ओढला तर येईना, ढकलला तर जाईना. उरलेले पाच आकडे मुठीसकट दारावर लोंबत राहिले. इतक्यात ही जिन्यावरून आली. दोन्ही हातांत पिशव्या, बोटात किल्ली. दादा, किल्ली होती हो तिच्याकडे! पण ती घालायला भोक मोकळं नव्हतं. स्वतःच्या घराची किल्ली हातात धरून बाई पाऊण तास स्वतःच्या दारात उभी राहिली, आणि आतून आधी दुधाचा वास, मग करपल्याचा वास, मग पातेल्याचाच वास येत राहिला. पिशव्या खाली ठेवून ती बोटातली किल्ली गरगर फिरवत राहिली. तुमच्या घराण्यात हे असं किल्ली फिरवणं कुठून आलंय हो?

शेवटी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या चिमटा घेऊन आल्या, डोक्यावरचा दिवा लावला, कुलपात डोकावल्या आणि सवयीने दाराला म्हणाल्या, "थोडंसं दुखेल हं." एका झटक्यात आकडा बाहेर! वर मला बजावलं की दोन तास कुलपात काही घालू नका.

आत आल्यावर हिने पातेलं खिडकीत ठेवलं (ते आता पातेलं आहे हे सांगावं लागतं), माझ्या हातातून संच घेतला, आपल्या पत्र्याच्या छोट्या पेटीत टाकला आणि पेटीला प्रवासी बॅगेचं, चार आकडे जुळवायचं कुलूप ठोकलं. त्या कुलपाला भोकच नाही! म्हणाली, कुलपं उघडायची हौस आहे ना, उघडा. माझ्यासमोर, तीनच संधी. आकडा तुम्हाला माहीत असायला हवा. नाहीतर हा संच भंगारात आणि मी महिनाभर दादाकडे.

पहिल्यांदा मी घराचा नंबर लावला. हिची मान आडवी हलली. म्हणाली, आकडा आपल्या दोघांचा आहे. मग मी आमची दोघांची वयं शेजारी शेजारी लावली. त्यात तिचं वय मी एका वर्षाने वाढवून लावलं. ती कालपर्यंत त्या वर्षातून बाहेर आलेली नाही. चार दिवस झाले, चष्मासुद्धा लावत नाही. माझं तोंड स्पष्ट दिसू नये म्हणूनच असणार. पेपर लांब धरून रागाने बघते आणि ठेवून देते. तिसरी संधी घ्या असंही म्हणत नाही, मी पेटीकडे बघितलं की घाईने विषय बदलते. ही तिची दया आहे, दुसरं काय! खरं सांगतो, घर फार मोठं झाल्यासारखं वाटतंय. ती चिडून बोलत होती तेव्हा बरं होतं.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, खोकल्याला विश्रांती.

आपला आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
मेहुणा

ता. क. संच घ्यावा की नाही हे लिहायचं राहिलंच. घ्या. पण वहिनी घरात नसताना दाराबाहेर जाऊ नका.

ता. क. दुसरा. आता ती विनंती विशेष. आकडा आमच्या लग्नाच्या तारखेचा आहे हे मला तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना कळलं. पण तारीख कुठली? मला गालगुंड झाल्यामुळे लग्न अकरा दिवस पुढे ढकललं होतं, पत्रिकेवरची तारीख पेनने खोडली होती, आणि चौतीस वर्षं माझ्या डोक्यात दोन्ही तारखा शेजारी बसल्या आहेत. दरवर्षी ही सकाळी ठेवणीतले कपडे घालते, ते बघून मी "लक्षात आहे हं" म्हणतो. तुमची दाढ आमच्याच लग्नाच्या पंगतीत तुटली. रोजनिशी उघडा आणि उलट टपाली तारीख कळवा. पाकिटावर नाव माझंच घाला, आणि हिला अवाक्षर नको.

ता. क. तिसरा. दादा, नमस्कार. हे मी लिहितेय. अक्षर मोठं आलंय ते चष्मा नाही म्हणून. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं (डिंक कुठे असतो हे चौतीस वर्षांत यांना ठाऊक नाही), मी यांच्याच कुलपं न्याहाळायच्या भिंगातून वाचलं. त्या दिवशी तावातावाने यांची ती वस्तू पेटीत टाकली, तिच्यासोबत माझा चष्माही टाकला, आणि मग बिनचष्म्याची आकडे जुळवत बसले. तारीखच लावणार होते, काय लागलं देव जाणे. हे दुपारी झोपले की रोज लावून बघते, उघडत नाही. आता यांनी खरी तारीख लावली आणि कुलूप हललं नाही, तर बिचारे जन्मभर दुसरीच पाठ करतील. म्हणून पत्र नको, लोखंड कापायची करवत घेऊन तूच ये. येत्या शुक्रवारीच आहे ती तारीख. मी ठेवणीतले कपडे घालते, तू जेवताना दाढेचा विषय काढ, आणि यांचं यांना आठवू दे.