अस्वानचा दगड काय म्हणाला

नाना,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, आणि ती ऐकून घेण्याइतकी फुरसत सध्या फक्त तुम्हालाच असावी. देवाने माणसाला कान दोन दिले. आम्हाला इजिप्तला नेणाऱ्या जर्मन सहलवाल्यांनी मात्र त्यातला एकच भरायचं ठरवलं आहे. गळ्यात एक डबी अडकवतात, तिच्यातून एक वायर निघते, वायरीच्या टोकाला एकच बोंड. गाइडने शंभर पावलं पुढे उभं राहून कुजबुजलं तरी ते मागच्या माणसाच्या कानात पोचतं. एकाच कानात! दुसऱ्याने तेवढा वेळ काय करायचं, याबद्दल छापील सूचनांमध्ये अवाक्षर नाही. हा कर्णद्वयाचा उघड अवमान आहे, असं मी बसमध्ये तुमच्या सुनेला ऐकवलं. ती म्हणाली, "अहो, आधी ते कानात तर घाला."

घातलं. डाव्या. डबी मुकी. आमची गाइड म्हणजे अस्वानचीच एक पन्नाशीची बाई, जर्मन माझ्यापेक्षा शुद्ध. तिने हसून डबी बदलून दिली. तीही मुकी. तिसरी दिली तोवर बस सुटायला चार मिनिटं उशीर झाला होता, आणि चार मिनिटं हा काय प्रकार असतो ते बसमधल्या निवृत्त जर्मन जोडप्यांच्या चेहऱ्यांवर वाचता येत होतं. शेवटी तुमच्या नातीने डबी माझ्याकडून काढून घेतली, बोंड स्वतःच्या कानात घातलं आणि म्हणाली, "गेट डोख, बाबा!" चालतंय की. मी ते परत घेतलं, खिडकीकडे तोंड करून गुपचूप उजव्या कानात सरकवलं, आणि बाई एकदम माझ्या डोक्यात शिरून बोलायला लागल्या.

तेव्हा खरी तक्रार अशी, की माझा डावा कान गेला आहे. मार्चपासून. घरात सांगितलेलं नाही, कामावर तर नाहीच. तुम्हाला ठाऊक आहे मी काय करतो. तुम्ही लोकांना "पोरगा जर्मनीत यंत्रांच्या छातीला कान लावतो" असं सांगायचात. गेर्लिंगेनच्या घरून निघायचं, वीस मिनिटांवरच्या कारखान्यात जायचं, तयार झालेला गिअरबॉक्स बंद खोलीत फिरवायचा आणि तो कसा बोलतो ते ऐकायचं. आता तिथे मायक्रोफोन आहेत, पडद्यावर रंगीत आलेख उमटतात, तरी शंका आली की तरुण मंडळी अजून मलाच हाक मारतात. दर तीन वर्षांनी कंपनीचा डॉक्टर आमचे कान तपासतो. येत्या मंगळवारी माझा टेर्मिन, म्हणजे तपासणीची ठरलेली वेळ, आहे. त्याची चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे, शेजारी कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक. दोन्हींकडे घरातले सारख्याच निर्विकारपणे बघतात.

मोठं धरण आधी दाखवलं. तुमच्या धरणाच्या साइटवरच्या ऑफिसात, हजेरीच्या फळ्याशेजारी, मासिकातून कापून लावलेलं त्याचं चित्र होतं, आठवतं? "एकदा बघायचंय," असं म्हणत तुम्ही त्याच्यावरची धूळ बोटाने पुसायचात. नाना, बघण्यासारखं त्यात फारसं नाही. तुमच्या सुनेने उतरल्याउतरल्या विचारलं, "धरण कुठे आहे?" म्हटलं, आपण त्याच्यावर उभे आहोत. खरंच, नुसता रुंद रस्ता. एका बाजूला समुद्रासारखं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली नदी, आणि मध्ये दगडामातीचा इतका मोठा ढीग की तो ढीग आहे हेच कळत नाही. ऊन पांढरं होतं. पलीकडचा काठ हवेत विरघळल्यासारखा दिसत होता. उजव्या कानात बाई पाण्याचं, विजेचं, विस्थापितांचं सांगत होत्या, आणि डाव्या कानात जो एक अखंड आवाज मार्चपासून वस्तीला आला आहे, तो तिथे उभं राहिल्यावर मला ओळखू आला. आपल्या धरणाचा सांडवा, ऑगस्टातला. क्वार्टरच्या खिडकीतून ऐकू यायचा तसा.

आणि मग मी इयत्ता आठवीत आहे. मे महिना आहे, भिंतीचं दगडकाम चालू आहे. तुम्ही डोक्यावर रुमाल टाकून दगडांच्या रांगेतून चालला आहात, हातात ती छोटी हातोडी. एकेका दगडावर टक्, टक्. मिस्त्री तुमच्या उजव्या अंगाला. तुम्ही ठोकता आणि त्याच्याकडे बघता. "काय म्हणतो?"

"खणखणीत आहे साहेब."

पुढचा. टक्. "हा काय म्हणतो?"

"बद्द बोलतोय साहेब! आतून गेलाय."

"काढा बाजूला."

तो बाजूला काढलेला दगड इतका देखणा होता की मी न राहवून म्हणालो, "नाना, हा तर चांगलाच दिसतोय." तुम्ही वळलात. सगळ्या मजुरांसमोर म्हणालात, "डोळ्याने दगड तपासतोस? मग उद्यापासून नाकाने भात खा." मजूर हसले, मिस्त्री सर्वांत मोठ्याने. मला तेव्हा फार लागलं होतं. पण पुढे पोट भरलं ते त्याच एका वाक्यावर.

धरणावरून आम्हाला मोटरबोटीने बेटावरच्या देवळात नेलं. ते देऊळ मूळ जागेवर नाही. पाण्यात बुडालेलं होतं, तिथून चिरा न् चिरा सोडवून शेजारच्या उंच बेटावर पुन्हा रचलं आहे. पाण्यातून ते जवळ येत जातं तेव्हा आपण त्याच्याकडे चाललो आहोत की तेच आपल्याकडे निघालं आहे, हे सांगता येत नाही. आत बाई बोलत बोलत खांबांआड गेल्या, दिसेनाशा झाल्या, पण आवाज माझ्या कानातच राहिला. मी गाभाऱ्यासमोर एकटा उभा, देवी केव्हाच निघून गेलेली, आणि डोक्यात एक बाई आधी जर्मनमध्ये तिची कथा सांगते आहे, मग, डबी बंद करायला विसरून, अरबीत बोटवाल्याशी भांडते आहे. एका कानात ती. दुसऱ्यात सांडवा, आणि सांडव्याच्या मागे तुम्ही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेले, "मोठ्याने म्हण! शब्द पोचला पाहिजे." मी देवः देवौ देवाः ओरडतो आहे, चुलीशी आई हसते आहे. "अहो, पलीकडच्या क्वार्टरवाल्यांचंसुद्धा पाठ झालं आता." तुम्ही मान हलवता. तुमचं ते मान हलवणं मी शाबासकी समजत आलो. (जर्मनमध्ये चारच विभक्ती आहेत, नाना, आणि तेवढ्यांतही ही मंडळी दमतात. तुम्ही असता तर निम्मेच गुण दिले असते.)

बोटीत परतताना तुमची नात माझ्या डाव्या बाजूला बसली आणि सबंध वाटभर बोलत होती. मी हसत होतो, मधूनमधून "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत होतो. घरी यासाठी माझ्याकडे एक युक्ती आहे. सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तरं जर्मनमध्ये देते, तीही अशी हळू की मुंगीला सांगावं. मी गंभीर चेहरा करून म्हणतो, "मराठीत सांग." मग ती डोळे फिरवते, वैतागते, पण दुसऱ्यांदा सांगते, आणि वैतागल्यामुळे मोठ्याने सांगते. तिला वाटतं बाबा भाषाभिमानी आहे. तुमच्या सुनेला कौतुक वाटतं. मी फक्त पुन्हा ऐकायची सोय करून घेतो.

शेवटी खाण. तिथे एक प्रचंड स्तंभ खडकातच आडवा पडून आहे, तीन बाजूंनी कोरलेला, चौथी बाजू अजून डोंगराला चिकटलेली. कोरता कोरता त्याला तडा गेला आणि लोक तसाच सोडून निघून गेले. काळ्या दगडी गोळ्यांनी ठेचून ठेचून कोरला होता म्हणे. आमच्यातल्या एका आजोबांनी गाइडला विचारलं, तडा आहे हे त्यांना आधी कळलं कसं नाही? बाई म्हणाल्या, कदाचित कळलं असेल, पण सांगायचं कुणी?

त्या उन्हात मी उभाच राहिलो. नाना, तुम्ही ठोकायचात आणि दर वेळी मिस्त्रीला विचारायचात. मी समजत होतो ती तुमची रीत, कामगाराला मान द्यायची. मिस्त्री नेहमी उजव्या अंगाला, आणि इतक्या जवळून इतक्या मोठ्याने बोलणारा. रेडिओजवळ तुमची खुर्ची ठरलेली, तीही एका बाजूने वळवलेली. पाया खणताना किती वर्षं तुम्ही सुरुंगांच्या शेजारी उभे होतात? शब्द पोचला पाहिजे, हे तुम्ही व्याकरणासाठी म्हणत नव्हतात ना? मिस्त्रीला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं का? काळजी करू नका, मी पाटबंधारे खात्याला कळवणार नाही. धरण उभं आहे. मिस्त्रीचा कान चांगला होता.

मग मी एक वेडेपणा केला. खिशातून गेर्लिंगेनच्या घराची किल्ली काढली, दोराच्या कठड्यावरून वाकलो आणि त्या स्तंभाला हलकेच ठोकली. टक्. पहारेकरी टाळ्या वाजवत ओरडत आला. मुलगी माझ्या डाव्या बाजूला होती. मी तिच्याकडे वळून, का कोण जाणे, तुमच्याच सुरात विचारलं, "काय म्हणतो?"

तिने दगडाकडे बघितलं. मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ. आणि काहीतरी म्हणाली, हळू, बरंच काही, नेहमीसारखी खांदे न उडवता. पहारेकऱ्याचा आरडाओरडा, कानातली बाई, सांडवा, या सगळ्यातून सुरुवातीचं "बाबा, तुला" एवढं माझ्यापर्यंत आलं. पुढचंही मराठीच होतं. चाल मराठी होती. म्हणजे माझी युक्ती तिथेच संपली. मराठीत सांग, असं आता कोणत्या तोंडाने म्हणणार? मी मान हलवली, तुमच्यासारखी, आणि बसकडे चालायला लागलो.

घर सोडलं त्या दिवशी फाटकाशी मीही तुम्हाला काहीतरी बोललो होतो, डाव्या बाजूने. तुम्ही मान हलवली होतीत. इतकी वर्षं मी ते उत्तर समजून चाललो.

आज रविवार आहे. ती शेजारच्या खोलीत आहे, दार उघडं आहे. हे पत्र फ्रिजवरच्या चिठ्ठीमागे खोचून ठेवीन, तिथे कुणी बघत नाही. मंगळवारची मला भीती नाही, नाना. यंत्र काय ते शोधून काढील, मला दुसऱ्या टेबलावर बसवतील, तेही काम मला येईल. ती आपणहून माझ्याशी मराठीत बोलली, आणि काय बोलली ते मला माहीत नाही. तीन आठवडे झाले. अजून मी तिला विचारलेलं नाही.