तुरे येण्याआधी

२ जुलै

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मध्येच ठेवून देतोस, म्हणून लिहिते. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ठीक नाही, म्हणून तसं लिहीत नाही. पायाचं प्लास्टर काल निघालं. काठी टेकत गोठ्यामागच्या शेतात गेले आणि ती काठी तुझ्या पाठीत घालावी असं वाटलं.

पेरणीच्या वेळी मी दवाखान्यात पडून होते, तू दुकान बंद ठेवून आलास, राबलास, हे मान्य. पण काय पेरायचं ते मी सांगितलं होतं. आपला बुटका मका. तू तुझ्या बियाण्याच्या दुकानातला उंच मका आणलास आणि निम्म्याहून जास्त शेत त्याने भरून टाकलंस. पाकिटावर हातभर कणसाचं चित्र आहे म्हणे. अरे, तुमच्याकडे थंडी पडली की लोक स्वेटर शोधायला लागतात. इथे सप्टेंबर सरता सरता पहाटेचं दव गोठतं आणि उभं पीक काळं पडतं. तुझ्या मक्याचे दाणे तेव्हा दुधातच असतील.

एवढंच असतं तर चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण मला बरं वाटावं म्हणून तू आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसं सगळीच्या सगळी सोललीस आणि मागाहून शेजारच्या पट्ट्यात पेरलीस. आपला मका लवकर तुऱ्यावर येतो, तुझा उशिरा. तू उशिराचा आधी पेरलास आणि लवकरचा नंतर, त्यामुळे आता दोघांना तुरे एकदमच येणार. वारा तुझ्या मक्याकडून माझ्या मक्याकडे वाहतो. तुझा पराग माझ्या कणसांवर पडला की बी भेसळलं, आणि मग पुढच्या वर्षी जे उगवेल ते थंडीआधी पिकेल याचा भरवसा नाही. घरात दुसरा दाणा उरलेला नाही. या उतारावर वेळेत पिकणारा दुसरा मका कोणाकडेच नाही.

तेव्हा तुरे बाहेर पडायच्या आत ये आणि तुझा मका तुझ्या हाताने काप. वहिनीला नमस्कार. तिचा यात काही दोष नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
मिरची


९ जुलै

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तुझं पत्र वहिनीने आधी वाचलं आणि ती पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही. तुझ्यासाठी दुकानाला कुलूप लावलं, गिऱ्हाईक समोरच्याने पळवलं, कंबर अजून धरलेली आहे, आणि बक्षीस काय, तर काठी.

मी कापणार नाही आणि तूही कापायचा नाही. गेल्या वर्षी थंडी उशिरा आली हे तूच सांगितलं होतंस. बाबा गेल्यापासून तू त्या बुटक्या मक्याला चिकटून बसली आहेस. जरा नवीन काही करायचं म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी. आई तर म्हणते, असा मका या शेतात तिने जन्मात पाहिला नाही. शेत आईचं आहे आणि आई राहू दे म्हणते. मग बोलणारी तू कोण?

पायाला जप. औषध सोडू नकोस.

तुझा
दादा


१८ जुलै

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न.

बोलणारी मी कोण हे विचारलंस ते बरं झालं. मका कापला. शेजारच्या सुताराला मदतीला घेतलं आणि लंगडत लंगडत मीही विळा चालवला. काही धाटांच्या पोटात तुरा हाताला लागत होता, इतकं ते जवळ आलं होतं. एका वर्षी थंडी उशिरा आली म्हणून दरवर्षी ती उशिराच येईल या भरवशावर बसायचं नसतं. तुझा मका देखणा होता, त्याचाही राग आला. गाईंनी मात्र मिटक्या मारत खाल्ला.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट पुढे केलं तर घेते, पाणी शेजारणीकडे मागते. भावाची मेहनत कापलीस, म्हणते. बी, पराग, थंडी, सगळं समजावून झालं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तू तिला एक ओळ लिही की कापणं बरोबर होतं. माझ्या तोंडून जे पटत नाही ते तुझ्या एका ओळीने पटेल, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

मिरची


२५ जुलै

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

मिरचीवर रागावू नकोस. मका मीच कापायला सांगितला. दुकानात बसून नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की तिचं बी भेसळेल, म्हणून तसं कळवलं. तिने माझं ऐकलं, एवढंच. तिला जवळ घे. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. तुझ्या सुनेचा नमस्कार.

तुझा मुलगा


१ ऑगस्ट

दादा,

नमस्कार यावेळी राहू दे.

आईला अक्षर दिसत नाही, त्यामुळे तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. तिचं पत्र बदलून वाचायचं नाही, ही बाबांनी घालून दिलेली रीत. म्हणून ‘तिने माझं ऐकलं’ हेसुद्धा मी माझ्याच तोंडाने, मोठ्याने वाचलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं.

आता आई बोलते. बोलते म्हणजे काय, थांबत नाही. ज्या सुताराने माझ्याबरोबर घाम गाळला त्यालाच ऐकवत होती, की लेकाला लांबून केवढं दिसतं, स्वतः पेरलेलं कापायला सांगायला मन मोठं लागतं. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मला म्हणाली, अशीच भावाच्या ऐकण्यात राहा. पुढच्या वर्षी काय पेरायचं ते आधी तुला विचारायचं, असंही तिने बजावलं आहे.

तू चांगल्या मनाने लिहिलंस हे मला कळतं. पेरलंसही चांगल्या मनानेच. तुझ्या चांगल्या मनाला आता माझ्या शेतापासून जरा लांब ठेव.

आईला दुसरं पत्र लिही. लिही की मी कापू नको म्हणालो होतो, तिने माझं ऐकलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. तेही मीच वाचून दाखवणार आहे, सुताराला समोर बसवून, एकही अक्षर न बदलता. ते येईपर्यंत लोभ आहे तेवढाच राहील.

मिरची