सकाळी सहाची उपासना

पप्पा, तुमच्यानंतर आपल्या चर्चमध्ये आता तिसरे पाळक आलेत. परवा मी शाळेतून येऊन चपला काढते न काढते तोच दारात उभे. म्हणाले, "मॅडम, येत्या रविवारी तरुणांपुढं तुमची साक्ष ठेवायलोय. तुमच्या पेपरासाठी पप्पांनी उपासना सकाळी सहाला घेतली होती, तेवढं सांगा." देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, एवढंच. सहा तास पोरांपुढे ओरडून घसा बसला होता, वाद घालायचं त्राण नव्हतं. हो म्हणून टाकलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

शेतकीची पदवी झाली तेव्हा मला कृषी अधिकारी व्हायचं होतं, आणि सरकारच्या परीक्षा नेमक्या रविवारी. मी दोनदा फॉर्म भरला. दोन्ही वेळा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलंत, "सहा दिवस त्यांचे, सातवा प्रभूचा. सोमवारी घेतली तर जा." आईने लाटणं आपटलं. "सरकार काय तुमच्या चर्चच्या घंटीवर चालायलंय का?" मी चिडले, रडले, पण गेले नाही. मग काही वर्षं जागाच निघाल्या नाहीत. निघाल्या तेव्हा माझं वय अटीच्या काठावर आलेलं. ती शेवटचीच संधी होती. पेपरच्या आधीच्या रविवारी, उपासनेच्या शेवटी आशीर्वाद देण्याआधी तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी दहाऐवजी सकाळी सहाला जमू. लेकीचा पेपर हाय. दोनदा मी तिला अडवलं. चुकलं माझं." मला वाटलं लोक कुरकुरतील. पेडगावच्या आजी उठल्या. "पाळकसाब, देव कवाच उठलेला असतो. आमीच झोपाळू."

त्या रविवारी अजून नीट उजाडलेलं नाही आणि पस्तीस माणसं आलीत. आजी लेकाच्या मोटारसायकलवर, कानाला फडकं गुंडाळून. मी पुढे गुडघे टेकते आणि सगळे माझ्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवतात. प्रार्थना झाल्यावर तुम्ही स्वतः मला नांदेडच्या बसमध्ये बसवता, आईने दिलेला डबा खिडकीतून देता. ताडकळस मागे पडेपर्यंत मी ठीक होते. मग एक गोष्ट ध्यानात आली. आतापर्यंत माझं काही झालं नाही, त्याला तुम्ही कारण होतात. आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. नापास झाले असते तर ती माझीच लायकी ठरली असती, आणि वर पस्तीस जणांची प्रार्थना वाया.

परीक्षा केंद्राच्या फाटकावर शिपाई म्हणाला, "चला मॅडम, बंद करायलोय." मी बाजूला सरकले. त्याने फाटक लावलं. समोरच्या झाडाखाली बसून मी डबा खाल्ला, सगळा खाल्ला, आणि पेपर सुटायच्या वेळेपर्यंत तिथेच बसून राहिले. घरी येऊन सांगितलं, पेपर अवघड होता. तुम्ही मात्र शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिलात, "थोडक्यात हुकलं पोरीचं. मी आधीच जाऊ दिलं असतं तर झालं असतं." आजारपणात, बोलणं जड झालं तेव्हाही तेच म्हणालात. मी तुमचे पाय चेपत राहिले.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिता आलं. पप्पा, तुमचं काही चुकलं नव्हतं. आणि रविवारी मी मंडळीला हे सांगणार नाहीये. पेपर अवघड होता, असंच सांगेन.